तुझ्या कुत्र्यांचा अळणी भात

तू गेलीस त्या दिवशी कुत्र्यांना कोणी जेवायला घातलं नाही. घर माणसांनी भरलं होतं. कोण बांबू बघत होतं, कोण भटजींना बोलवायला धावलं, कोणी मला धरून बसवलं. सगळ्यांना सगळं सुचलं, कुत्र्यांचं तेवढं सुचलं नाही. मलाही नाही. हे तुला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून आधी तेच सांगून टाकतो. बाकीचं मग.

लिहायची मला सवय नाही, तुला ठाऊक आहे. तिसरीत शाळा सोडली आणि पडावावर चढलो. लांब उभ्या राहिलेल्या आगबोटीवरची माणसं नि बोचकी धक्क्याला आणून उतरवायची, यातच जन्म गेला. वल्ह्याचा हात हा, अक्षर वाकडंच येणार. पण बोलू कोणाशी? मोठ्यानं बोललो तर माणसं घाबरतात. आपली शेवंती इथं होती तेव्हा शेजारणीला सांगत होती, "बाबा एकटेच बडबडतात गो, मला भ्या वाटतं." म्हणून गप बसून लिहितो.

घाईत कोणीतरी मागच्या परड्यातलं मडकं उचललं, त्यात विस्तव घातला आणि माझ्या हातात दिलं. तुझ्यापुढं ते धरून मी चालत होतो. मसणाकडं, भाट्याच्या वाटेला लागल्यावर खाली बघितलं तर काठाचा टवका उडालेला. कुत्र्यांच्या भाताचं मडकं ते! आणि वाघ्या नि तांबू दोघंही माझ्या पायात घोटाळत चाललेली. लोक डोळे पुसायला लागले. "बघा, मुक्या जनावराला कळतं," असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. कसलं कळतं! दिवस कलला होता, पोटात काही नव्हतं, आणि ती मडक्यामागं चालली होती. मला हसू आलं. तोंडावर उपरणं धरलं, तर लोकांना वाटलं, मला रडू फुटलं. पाठीवरनं हात फिरवले. तू असतीस तर तुलाच ही गंमत सांगितली असती.

मडकं तिथंच फुटलं. नवीन आणलंय, पण त्याला अजून मातीचाच वास येतो.

आपल्यासारख्याच्या घरात दोन कुत्री पोसायची म्हणजे लोक हसतात. मीही हसत होतो. कुत्र्याला काय, उरलंसुरलं टाकावं, नसेल तर त्यानं हिंडून बघावं. आमच्या घरी तसंच होतं. पण तुझं सगळं निराळं. बोटी आल्या की तू आमसुलांची पुडी घेऊन मिरकरवाड्याच्या बंदराला जायचीस आणि मासे विकणाऱ्या हलिमाबीच्या टोपलीतली डोकी, शेपट्या, दबलेली मासळी, माडांना खत म्हणून घालतात ती तारली, सगळं घेऊन यायचीस. आमसुलं रातांब्याच्या झाडाची, झाड आपलं. परड्यात तीन दगड मांडून मासळी शिजवायची. मग पाटावर बसून एकेक काटा काढायचा. शेवंतीला भरवायचीस तेव्हा काढायचीस तसा. त्याच पाण्यात उकड्या तांदळाच्या कण्या, कधी नाचणी, वेलाला असेल तर भोपळ्याची फोड. खाटकाकडं टाकून द्यायचं काही फुकट मिळालं तर ते. कांदा नाही, तिखट नाही, आणि मीठ तर नाहीच.

"माणसाचं जेवण व्हायच्या आधी कुत्र्याचं शिजतंय," मी म्हणायचो.

"माणसाला भूक लागली तर माणूस बोंबलतो," तू म्हणायचीस. "तुम्ही बोंबललात की तुमचं वाढते."

आपला आधीचा कुत्रा, मोत्या, गेला नसता तर तू एवढं केलं असतंस की नाही, मला सांगता येत नाही. वैशाखात मोकाट कुत्र्यांसाठी वाटेवर विषाचे गोळे टाकून जातात. मोत्यानं त्यातला एक खाल्ला. दारातच तडफडला. तुझ्या मांडीवर डोकं होतं. तेव्हापासून तू मनात धरलंस. "भरल्या पोटाचं कुत्रं वाटेवरचं हुंगतं आणि सोडतं. उपाशी असेल तर हुंगत नाही, गिळतं." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की मला त्याचा कंटाळा आला होता. आणि खरंच, मोत्यानंतर आपल्या घरातलं एकही कुत्रं विषानं गेलं नाही. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही.

आपलं खरं भांडण मिठाचं. आपल्याकडं अळणी भात कोणासाठी शिजतो? पिंडासाठी. मेलेल्या माणसासाठी. जित्या घरात रोज तिन्हीसांजेला अळणी भाताचा वास यायचा आणि माझ्या अंगावर काटा यायचा. किती सांगितलं, चार खडे टाक, अशुभ असतं. तू म्हणायचीस, मिठानं कुत्र्याला खाज सुटते, केस झडतात. मी म्हणायचो, गावातली कुत्री मीठ खातात, ती काय बोडकी हिंडतात? तू म्हणायचीस, बघा जाऊन जवळून. एकदा रागानं गेलो बघायला. देवळामागची कुत्री बघितली. खरंच खरजेनं उघडी पडली होती. घरी आलो. तू नुसती भांडी घासत राहिलीस, जरा जास्तच आवाज करून.

मग माझे पाय सुजले ते वर्ष. वैद्य म्हणाले, मीठ बंद. तू बघितलंस माझ्याकडं. तुझे डोळे हसत होते. त्या दिवसांत तू माझ्यासाठी वेगळी चूल पेटवली नाहीस. कुत्र्यांचं आणि माझं एकाच मडक्यात. मला मागनं कळलं. मी ओरडलो, "मला कुत्र्यांच्या पंगतीला बसवलंस?" तू म्हणालीस, "ती कुरकुर करत नाहीत. तेवढाच फरक." पाय उतरले माझे. चव काही वाईट नव्हती त्याला. हेही बोलायचं राहिलं. किती गोष्टी राहिल्या बघ, आणि आपण दोघं एका घरात किती वर्षं काढली.

शेवंती तिसऱ्या दिवशी सासरहून, हर्ण्याहून आली, जावई धोंडोबा बरोबर होते. आल्या आल्या पोरीनं घर हातात घेतलं. चांगली आहे ती, तुझ्यासारखीच हट्टी. सुतकात घरात चूल नाही, मासळीचा तर वासही नको. शेजारपाजारचं जेवण यायचं. आमटी, भात, भाजी, सगळं तिखटमिठाचं आणि चिंचेचं. त्यातलंच पत्रावळीवर घेऊन ती कुत्र्यांपुढं ठेवायची. वाघ्या यायचा, हुंगायचा, मान वळवायचा. तांबू तर जवळही यायची नाही. दाराशी बसून आतल्या खोलीकडं बघत राहायची.

"माजलीत," जावई म्हणाले. "भूक लागली की खातील."

"लागलीय त्यांना भूक," मी म्हटलं.

"मग खात का नाहीत?"

मी सांगायला लागलो की अळणी लागतं, मासळीचं पाणी लागतं, काटे काढावे लागतात. बोलता बोलता दोघांची तोंडं बघितली. बाई जाऊन चार दिवस नाही झाले आणि म्हातारा मासळीचं बोलतोय. उठून परड्यात गेलो.

पण जीव थाऱ्यावर नव्हता. वैशाख चालू. वाटेवर ते गोळे टाकायची हीच वेळ. तुझं ते वाक्य डोक्यात घण घालत होतं. वाघ्याला दावं लावलं. तांबू दाव्याला कधी राहिली आहे? कुंपणाखालनं निघून जायची. ती परत येईपर्यंत मी पडवीत बसून राहायचो. लोक म्हणायचे, म्हाताऱ्यानं हाय खाल्ली, वाटेला डोळे लावून बसतो. तुझी वाट नव्हतो बघत गो. तू येणार नाहीस हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी कुत्रीची वाट बघत होतो.

आता दहाव्याचं सांगतो. ऐकून तुला राग येईल की हसू, काही कळत नाही.

खाडीच्या काठी सगळं केलं. डोकं भादरलं, ओल्या पंच्यानं बसलो, भटजी सांगतील तसं केलं. पिंड केळीच्या पानावर ठेवला आणि सगळे मागं सरून उभे राहिलो. माडावर कावळे होते, ओरडत होते, पण खाली येईनात. शेजारचा विठू म्हणाला, "काका, काय राहिलं असेल तिचं तर बोला. शेवंतीचं बघतो म्हणा." मी म्हटलं. कावळा ढिम्म. शेवंती हात जोडून म्हणाली, "आये, बाबांचं मी सगळं करीन." कावळा माडावरच.

आणि ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीतनं तांबू आली. आमच्या मागनं कधी आली होती कोण जाणे. पोट आत गेलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात. पिंडाजवळ गेली, हुंगलं. मला वाटलं, सोडील, एवढे दिवस सगळंच सोडत होती. तिनं सोडलं नाही. खाल्लं. हावरटासारखं नाही, तू वाढलेलं खायची तसं, एका बाजूनं, सावकाश.

सगळी बोंब झाली. जावयांनी धोंडा उचलला. मी त्यांचा हात धरला.

"सोडा मामा! सासूबाईंचा पिंड आहे तो!"

"म्हणून तर खातेय. अळणी आहे."

"तुमचं डोकं ठिकाणावर आहे काय?"

"नाही," मी म्हटलं. "पण ती पहिल्यांदा जेवतेय. जेवू दे."

धोंडा त्यांच्या हातातनं पडला, का मी पाडला, आठवत नाही. कावळे मात्र उडाले ते उडालेच. भटजींनी दुसरा पिंड ठेवला. ऊन डोक्यावर आलं. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि तोच शिवला असं म्हणून उरकलं. उठताना मी त्यांना विचारलं, कुत्र्यानं खाल्लेला पोचतो की नाही? ते म्हणाले, कुत्र्याचाही घास काढतात शास्त्रात, पण पिंड कावळ्याचा. मग माझ्याकडं बघून जरा हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही घरी जा आता. भिजलायत."

शेवंती परतताना सगळ्या वाटेनं रडली. माझी आये अडकली, म्हणाली, उपाशी राहिली, ह्या कुत्र्यांपायी. घालवा त्यांना. काय उत्तर देऊ? मला ठाऊक आहे काय तू पोचलीस की नाही? कावळ्याला जन्मभर तू काठी घेऊन हाकललंस, सुकत घातलेली मासळी पळवतो म्हणून. तो तुझ्यासाठी खाली का येईल? हे मी शेवंतीला म्हटलं. ती आणखी रडली. माझं बोलणंच असं. तू असतीस तर मधे पडून म्हणाली असतीस, "त्यांच्या बोलण्याकडं बघू नको गो." आता माझ्या बोलण्याचा अर्थ लावून सांगणारं कोणी नाही.

सुतक फिटलं, जावई कामाला परत गेले. दुसऱ्या दिवशी तू वाळवलेली आमसुलं घेऊन मी मिरकरवाड्याला गेलो. हलिमाबी टोपली पुढं घेऊन बसली होती. मला बघून उठली. डोळ्याला पदर लावला.

"रोज बाजूला काढून ठेवत होते ओ," ती म्हणाली. "पण सुतकात मासळी घेऊन तुमच्या दारात कशी येऊ? मांजरांना घातली."

मी डोकी उचलायला लागलो तर हातावर चापट मारली. "ते नको! शिंगाळ्याचं आहे, काटा बघा केवढा. बायनं काहीच शिकवलं नाय काय तुमाला?"

"मी शिकलो नाही," म्हटलं.

तिनं आमसुलं घेतली नाहीत. मी तिथंच ठेवून आलो. तुझा व्यवहार होता तो, मी मोडणार नाही.

परड्यात तीन दगड मांडले. लाकडं ओली, धूर झाला. कण्या खाली लागल्या. पाटावर बसलो तर गुडघा वाकेना. आणि काटे! डोळ्याला दिसत नाहीत, बोटाला कळत नाहीत. वल्ह्यानं बोटांची कातडी पार घट्ट केलीय. शेवंती दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "बाबा, तो बघा, राहिला." मी म्हटलं, "कुठं?" ती आली, समोर उकिडवी बसली आणि काटे काढायला लागली. तिची बोटं तुझ्यासारखी चालतात. मी बघत राहिलो, माझ्या हातातलं काम थांबलं.

दोन्ही कुत्री जेवली. वाघ्यानं चाटून पत्रावळीला भोक पाडलं.

रात्री शेवंती म्हणाली, "माझ्याबरोबर चला हर्ण्याला." मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "इथं कोण बघणार तुमच्याकडं?" मी म्हटलं, "त्यांच्याकडं कोण बघणार?" ती चिडली नाही. हळूच म्हणाली, "आणि बाबा, तुमच्या मागनं?"

एवढंच विचारलं तिनं. ते मला लागलं.

माझ्या मागनं कोण मिरकरवाड्याला जाणार? कोण काटे काढणार? विठूची बायको बरी आहे. उरलेली भाकरी टाकील, आमटीचा भात टाकील. तिखटमिठाचाच. वाघ्याचं जाऊ दे, तांबू तरणी आहे, मला सहज पुरून उरेल. सुतकात आपण बघितलंच. ते अन्न हुंगणार, सोडणार आणि पोट खपाटीला गेलं की वाटेवर जाणार. वैशाख दरवर्षी येतो. तू तिला विषापासून वाचवायला चांगलं खायला घातलंस, आणि तेवढ्यानंच तिला दुसऱ्या कोणाचं खायचं विसरायला लावलंस. हा विचार तू केला होतास काय? का तुला वाटलं, तूच शेवटपर्यंत असशील? मलाही तसंच वाटत होतं. मी आधी जाईन असंच धरून चाललो होतो मी. तू मागं राहशील आणि कुत्र्यांचं बघशील. माझं बघायला कोण लागेल, हा प्रश्नच नव्हता.

शेवंती सोमवारी गेली. दर सणाला येईन म्हणाली.

ती गेल्यापासून मी भातात मीठ घालतोय. चिमूटभर. आता ओरड काय ओरडायचं ते. खाज सुटली तर खोबरेल लावीन. पहिल्या दिवशी तांबूनं हुंगलं, माझ्याकडं बघितलं, लांब जाऊन बसली. मी तिथंच बसून राहिलो. दिवेलागणीला परत आली आणि खाल्लं. काल आणखी थोडं घातलं. आज विठूच्या बायकोला सांगून आलो, तुमच्या हातानं एक तुकडा तिला टाकत जा रोज, मी असतानाच. ती म्हणाली, "घालीन की, पण खाईल काय?" मी म्हटलं, "खाईल. शिकवतोय."

वाघ्यानं मात्र तोंड लावलं नाही. सकाळपासून तसंच पडलं होतं पुढ्यात. त्याला दात नाहीत, एका डोळ्यात फूल पडलंय, तो माझ्या आधीच जाणार. त्याला आता नवीन शिकवून काय करायचंय? म्हणून मघाशी त्याच्या वाट्याचा भात विहिरीवर नेला, पाण्यात कालवून धुतला, मुठीत पिळला आणि चाखून बघितला. खारट लागला. परत धुतला.